नव्या तांदळाचा भात

माणिक वझलवार माझ्याकडे इंग्रजी शिकायला येत असे आणि येताच स्वयंपाकघरात जात असे. पहिल्यांदा तो आला तेव्हा मी ओट्यापाशी उभी राहून चहात पाव बुडवून खात होते. यांना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि एकटीसाठी पोळीभाजी करायचा मला कंटाळा येई. माणिकनं पुस्तक टेबलावर ठेवलं, माझ्या ताटलीकडे पाहिलं आणि म्हणाला, "काकू, हे काय जेवण आहे का? कांदे कुठं ठेवता तुम्ही?"

त्या दिवशी इंग्रजीचा धडा झाला नाही. पण मी पोट भरून पिठलं-भात खाल्ला, आणि तसं डायरीतही लिहून ठेवलं. जबलपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला सिस्टर रोज संध्याकाळी डायरी लिहायला बसवत. ती सवय मला आजतागायत सुटलेली नाही. म्हणून हे सगळं सांगताना मला फारसं आठवावं लागत नाही.

हे १९८३ सालचं, माणिक तेव्हा नुकताच कॉलेजात गेला होता. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात वझलवार आमच्या शेजारचे. माणिकचे वडील गुणाकरराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांचे वडीलही बालाघाटातच नोकरीला होते, आणि घरातलं प्रत्येक पोर शिकून नोकरीला लागणार हे त्या घरात कोणी बोलून दाखवत नसे, इतकं ते ठरलेलं होतं. गुणाकररावांना स्वतःला गणितात फार गती होती, पण वडील लवकर गेले आणि कॉलेज अर्धवट सोडून त्यांना कचेरीत चिकटावं लागलं. तेव्हा मुलगा बी.एस्सी. करणार आणि तीही गणित घेऊन, हे माणिक हाफ पँट घालत होता तेव्हापासून नक्की होतं.

माणिक मठ्ठ मुळीच नव्हता. पास होत असे. पण गणिताचं पुस्तक उघडलं की त्याचा चेहरा सर्दी झाल्यासारखा व्हायचा. कॉलेजातली बरीच मुलं वारासिवनी-कटंगीकडून रोज गाडीनं अप-डाउन करत. त्यातला घनश्याम नावाचा एक मुलगा त्याचा मित्र होता. तो त्याला 'महाराज' म्हणायचा, म्हणजे आचारी. "महाराज, इंटिग्रेशन राहू द्या, पहले ये बताओ आज डब्यात काय आहे?" माणिकला त्याचा राग येत नसे. उलट डबा पुढे करून विचारायचा, "खाऊन सांग, हिंग जास्त झाला का?"

दुसऱ्या वर्षाला गेल्यावर मात्र त्याचं मन अगदीच उडालं. भोपाळला हॉटेल आणि खानपानाचं शिक्षण देणारी एक संस्था आहे, असं त्यानं कुठूनतरी ऐकलं होतं. एका रविवारी माझ्या पुढच्या खोलीत त्यानं वडिलांसमोर तो विषय काढला. मुद्दाम माझ्याकडे काढला. परक्या बाईसमोर वडील आवाज चढवणार नाहीत, हा त्याचा हिशेब.

हिशेब चुकला.

"आचारी व्हायचं तुले?" गुणाकरराव म्हणाले. "हौ, होय नं! लोकाच्या लग्नात कमरेले पंचा बांधून बुंदी पाड! काय सांगू मी कचेरीत? वझलवारचा पोट्टा बी.एस्सी. सोडून भजे तळून राह्यला?"

"भजे नाही बाबा, कोर्स आहे तो. तीन वर्षांचा."

"भजे तळाले तीन वर्ष लागतात का रे?"

मला हसू आलं, पण मी ते चहाच्या कपात लपवलं. माणिक मान खाली घालून बसला होता. मग एकदम म्हणाला, "मले गणित नाही आवडत, बाबा. रोज सकाळी उठलो की छातीवर बसते ते."

गुणाकररावांनी कप खाली ठेवला. हे वाक्य त्यांना लागलं, हे मला दिसलं. ज्या गोष्टीसाठी आपण झुरलो ती आपल्याच मुलाच्या छातीवर बसते, हे ऐकायला कोणाला आवडेल? ते चहा न पिताच उठून गेले.

दिवाळी झाली आणि माणिकच्या थोरल्या बहिणीचं, मधूचं, गोंदियात ठरलं. साखरपुडा मार्गशीर्षात, बालाघाटला, घरीच करायचा असं ठरलं. वझलवारांकडचं कुठलंही कार्य प्रेमलाल महाराजच्या हातचं. पण त्याच तारखेला प्रेमलालला वारासिवनीतल्या एका राइस मिलवाल्याच्या लग्नाचं काम आधीच लागलेलं होतं. दुसरा आचारी मिळेना. मधूची आई अलकनंदावहिनी रडायच्या बेताला आल्या. तेव्हा माणिक म्हणाला, "मी करतो."

सगळ्यांनी गुणाकररावांकडे पाहिलं. गुणाकररावांनी माझ्याकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. काकूंच्या समोर सांगून ठेवतो. पंगत नीट उठली, व्याह्यांनी नाव नाही ठेवलं, तर या सालचे पेपर दे अन् जा भोपाळले. मी आडवा येणार नाही. पण फजिती झाली तर पुन्हा तो विषय काढायचा नाही. चुपचाप बी.एस्सी. पूर्ण करायची. मंजूर?"

"मंजूर," माणिक म्हणाला. इतक्या चटकन म्हणाला, की मलाच धास्ती वाटली.

इतर पदार्थांची त्याला काळजी नव्हती. वांग्याची भाजी, पुडाच्या वड्या, कढी, बुंदी हे सगळं तो झोपेतही करू शकला असता. त्याचा जीव अडकला होता साध्या भातात. आमच्याकडे पंगतीची अब्रू भातावर असते. आजूबाजूला सगळं धानाचंच, तेव्हा खाणारा प्रत्येक माणूस तांदळातला जाणकार. बाकी काही कमी-जास्त झालं तर चालवून घेतात, भाताला नाही.

प्रेमलाल मोठ्या पंगतीचा भात गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पुष्कळ पाणी घालून शिजवून वरची पेज काढून टाकत असे. सगळेच आचारी तसंच करतात, कारण त्यात पाण्याचा अंदाज चुकायची भीती नसते. पण आमच्याकडच्या चिन्नोर या सुवासिक तांदळासाठी माणिकला ते पटत नव्हतं. "काकू, चिन्नोर आहे तो," तो म्हणायचा. "पेजेबरोबर सगळा वास वाहून जाते. आपण घरी करतो तसा बेताच्या पाण्यात बसवला तर अंगणभर घमघमाट सुटन."

"घरी आपण चार माणसांचा करतो, माणिक. शंभर माणसांच्या गंजात पाण्याचा बेत कसा लावशील?"

 त्यावर त्यानं पिशवीतून गणिताची वही काढली. या घरात ती वही त्यानं आपणहून उघडलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

पुढचे काही दिवस माझं स्वयंपाकघर म्हणजे प्रयोगशाळा झालं. त्याचं म्हणणं असं : तांदूळ पितो ते पाणी तांदळाच्या मापात असतं, पण वाफ होऊन उडून जातं ते भांड्याच्या तोंडाच्या मापात. मोठ्या गंजात तांदूळ कितीतरी पट वाढतो, तोंड तितक्या पट वाढत नाही. म्हणून पाणी सरळ पटीनं वाढवून चालणार नाही, कमी लागेल. किती कमी, ते काढायचं. त्यानं माझ्या लहान-मोठ्या पातेल्यांची तोंडं सुतळीनं मोजली. माझ्या डब्यातल्या चिन्नोरचा भात वेगवेगळ्या पातेल्यांत करून पाहिला. आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले, रेघ ओढली, ती पुढे वाढवत मोठ्या गंजापर्यंत नेली. मी सकाळ-संध्याकाळ भात खात होते आणि मोलकरीण चंपाबाईही डबा भरून नेत होती.

"बाईसाहेब," चंपाबाईनं विचारलं, "पोरगा पास झाला का नाही आतापरयंत? मले रोटी खायची याद येऊन राह्यली."

एका दुपारी मी कपाटाची आवराआवर करत होते तेव्हा आतून गुणगुणणं ऐकू आलं. डोकावले तर माणिक पेन्सिल दातात धरून कागदावर वाकला होता. भांड्याचं तोंड, तांदळाची रास, वाफ यांचं एक समीकरण त्यानं मांडलं होतं. ते सुटल्यावर वर पाहून मला म्हणाला, "पाहा काकू, कसं सरळ आलं!" त्याच्या चेहऱ्यावरची सर्दी गेली होती. मी परत कपाटाकडे वळले. काही गोष्टी बोलून दाखवल्या की पळून जातात.

साखरपुड्याच्या दिवशी वझलवारांच्या अंगणात भट्ट्या पेटल्या. मुहूर्त दुपारचा होता. सकाळी वारासिवनीहून माणिकचे मामा, बंडोपंत, तांदळाचं पोतं घेऊन आले. बंडोपंतांची शेती होती आणि भाचीच्या कार्याचा तांदूळ मामाकडून यायचा हे ठरलेलंच. ते मोठ्या आवाजाचे गृहस्थ. फाटकातूनच ओरडले, "अलके, पोतं उतरवून घे वं! मधूसाठी खास आणलं आहे." मग ते व्याह्यांच्या स्वागताला मांडवात गेले.

माणिकनं पोतं फोडलं. तांदळाचा वास आला तसं त्यानं डोळे मिटले. "वा, मामा!" असं म्हणून त्यानं मापानं तांदूळ घेतला, धुतला, आणि कागदावर काढलेलं पाणी मोजून गंजात ओतलं. झाकण ठेवून तो वड्या तळायला गेला.

गोंदियाची मंडळी आली. ओटी भरली गेली, अंगठ्या घातल्या गेल्या, पानं मांडली गेली. मी वाढायला मदत करावी म्हणून मागच्या दारी गेले, तर माणिक गंजापाशी झारा घेऊन उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी आत पाहिलं. भात नव्हताच तो. शीत शीताला चिकटून सगळा गचका झाला होता. झारा घातला की गोळा वर येत होता.

"गणित बरोबर आहे, काकू," तो पुटपुटला. "मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे."

तेवढ्यात बंडोपंत मागे आले. "काय रे महाराज, झाला का भात? नव्या चिन्नोरचा वास कसा सुटला पाह्य!"

माणिकनं हळूच मान वळवली. "नव्या?"

"मग? भाचीच्या साखरपुड्याले जुना तांदूळ आणन का मी? आत्ता मळणी झाली. पहिलं पोतं बहिणीच्या घरी, हे आपल्या घरचं चालत आलं नं! तुले माहीत नाही का?"

माहीत होतं. तेच तर. लहानपणापासून मार्गशीर्षात मामाच्या घरून येणारं पोतं नव्या तांदळाचंच असायचं. आणि नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, हे बालाघाटातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. आमच्याकडची कोणतीही बाई तांदूळ चुलीवर चढवण्याआधी दोन दाणे दाताखाली धरते. जुना कडकन तुटतो, नवा मऊ दबतो. माणिकनं माझ्या डब्यातल्या मागच्या वर्षीच्या तांदळावर सगळं गणित बसवलं होतं. ते इतकं सुंदर बसलं होतं, की दाणा चावून पाहायचं त्याला सुचलंच नाही.

बाहेर पानांवर भाजी, वड्या वाढून झाल्या होत्या. "भात! भात येऊ द्या!" अशी हाक आली. अलकनंदावहिनींनी गंजात पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. "आता रे देवा, काय वाढू मी व्याह्यांले?"

मला वाटलं, पोरगा आता मागच्या फाटकातून पळणार. पण त्यानं आधी दुसऱ्या पंगतीसाठी ठेवलेला गंज भट्टीवर चढवला. पोत्यातले दाणे तोंडात टाकून चावले, पाणी बरंच कमी घातलं. मग हात पुसले, भाताचं पातेलं उचललं आणि स्वतः मांडवात गेला. पंगतीसमोर उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "भात माझ्या हातून बिघडला आहे. तांदूळ नवा होता, मी पाह्यला नाही. तांदळाचा दोष नाही, मामांचा तर नाहीच नाही. कढी चांगली आहे, कढीसोबत घ्या. दुसऱ्या पंगतीले चांगला भेटेल."

 गुणाकरराव व्याह्यांच्या शेजारी बसले होते. त्यांचा हात पानावर तसाच थांबला. नवऱ्या मुलाच्या काकांनी मिशीवरून हात फिरवला, आता काहीतरी बोलणार असं दिसलं.

इतक्यात ओळीच्या टोकाकडून आवाज आला. नवऱ्या मुलाची आजी जिजाबाई मांडवाच्या खांबाला पाठ टेकून बसली होती. "आण इकडं," ती म्हणाली. माणिकनं तिला वाढलं. तिनं त्यावर कढी ओतून घेतली, कालवलं, घास घेतला. सगळे बघत होते. "मले एक दात नाही राह्यला," ती घास गिळून म्हणाली. "लग्नाघरी जातो अन् फडफडीत भात पानात टाकून उठतो. आज पयल्यांदा कोणं माह्यासाठी भात केला. वाढ अजून, बापू."

आधी कोण हसलं मला कळलं नाही, पण मग सगळा मांडव हसला. काकांचा हात मिशीवरून खाली आला. आणि तेव्हा गुणाकरराव म्हणाले, "इकडं पण आण." त्यांच्या पानात माणिकनं गोळा वाढला, मान वर न करता. गुणाकररावांनी तो सगळा खाल्ला. मग पुन्हा मागितला. त्यांना गचका भात अजिबात आवडत नाही, हे मला अनेक वर्षं माहीत होतं.

दुसऱ्या पंगतीचा भात मोगऱ्यासारखा मोकळा झाला. पण ती पंगत घरच्यांची आणि शेजाऱ्यांची होती.

माझ्या डायरीत त्या दिवसाच्या पानावर एवढंच आहे : 'मधूचा साखरपुडा. भात बिघडला. सगळे जेवले.'

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक दोघंही माझ्या व्हरांड्यात आले. मी साक्षीदार होते ना.

"सांगा काकू, शर्त काय होती?" गुणाकररावांनी विचारलं.

"पंगत नीट उठली पाहिजे," मी म्हणाले. "व्याह्यांनी नाव ठेवता कामा नये."

"नाव कोणी ठेवलं नाही," गुणाकरराव म्हणाले. "ती म्हातारी तर जाता जाता विचारत होती, पोट्ट्याचं लग्न झालं का म्हणून."

"पण पहिली पंगत बिघडली, बाबा," माणिक म्हणाला. "मी हरलो. मी बी.एस्सी. पूर्ण करतो."

"अन् दुसरी?"

"दुसरी जमली."

"म्हणजे अर्धे मार्क. तुमच्या युनिव्हर्सिटीत तर त्याच्याहून कमीवर पास करतात, नाही का?"

माणिकनं वडिलांकडे पाहिलं. ते थट्टा करताहेत की काय, हे त्याला कळेना. मलाही कळत नव्हतं. मग गुणाकररावांनी, माझ्या समजुतीप्रमाणे आयुष्यात पहिल्यांदा, त्याला विचारलं, "खरंच नाही आवडत का तुले गणित?"

माणिक व्हरांड्याच्या कठड्यावरची धूळ बोटानं पुसत बसला. "पुरतं नाही आवडत," तो शेवटी म्हणाला. "पण ते गंजाचं गणित केलं नं, तेव्हा छातीवर नव्हतं बसलं. मी त्याच्यावर बसलो होतो. एक साल राह्यलं आहे, बाबा. अर्धं सोडलं तर ते गचक्यासारखं राहील, ना भात ना पेज. पुरं करतो. मग जाऊ द्याल?"

गुणाकररावांनी हात पुढे केला. "कागद दाखवशील मले? तो गंजाचा?"

माणिक धावत जाऊन कागद घेऊन आला. पुढे बराच वेळ ते दोघं माझ्या व्हरांड्यात त्या आलेखावर डोकी जोडून बसले होते. गुणाकरराव एका जागी बोट ठेवून म्हणत होते, "हे कसं आलं? हे तर आम्हाले नव्हतं." आणि माणिक समजावून सांगत होता. मी चहा केला. या वेळी गुणाकररावांनी तो प्यायला.

शेवटचं वर्ष सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. कितीतरी संध्याकाळी तो पुस्तक आपटून माझ्या ओट्याशी यायचा आणि कांदा चिरत बसायचा. आवडीचा तो विषय कधीच झाला नाही. पण चिरून झालेला कांदा फोडणीला घालून तो परत टेबलाशी जात असे, आणि अडलं तर घरी जाऊन वडिलांना विचारत असे. गुणाकरराव कचेरीतून आल्यावर त्याची पुस्तकं वाचू लागले होते. अलकनंदावहिनी मला म्हणाल्या, "घरात दोन दोन विद्यार्थी झाले हो, काकू! भाजी आणा म्हटलं तर दोघंही ऐकत नाहीत."

१९८६च्या उन्हाळ्यात निकाल लागला. माणिक दुसऱ्या श्रेणीत पास झाला. भोपाळच्या संस्थेनं त्याला मुलाखतीला बोलावलं. गणितातला पदवीधर स्वयंपाक शिकायला कशाला येतो, असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्यानं त्यांना साखरपुड्याच्या भाताची सगळी हकीकत सांगितली. विचारणारे हसले, आणि त्याला घेतलं.

तो निघाला त्या दिवशी आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. जबलपूरची छोटी गाडी, नॅरोगेजवरची, फलाटावर लागली होती; तिथून पुढे भोपाळ. मधू आपल्या तान्ह्या मुलीला घेऊन गोंदियाहून आली होती. घनश्यामही आला होता. "महाराज, मोठ्या हॉटेलात गेल्यावर आम्हाले ओळख द्या म्हणजे झालं!" अलकनंदावहिनींनी चिवड्याचा डबा दिला, मी एक पेन दिलं.

गुणाकरराव ट्रंक आत ठेवून खाली उतरले. गाडी सुटायला थोडा वेळ होता. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चिमूटभर तांदूळ काढले आणि खिडकीतून माणिकच्या तळहातावर ठेवले.

"सांग," ते म्हणाले. "नवा का जुना?"

माणिकनं दोन दाणे दाताखाली धरले. कडकन आवाज झाला, मलाही ऐकू आला.

"जुना," तो म्हणाला. "मागच्या सालचा."

"मग जा आता," गुणाकरराव म्हणाले, आणि डब्याच्या पत्र्यावर त्यांनी हलकेच एक थाप मारली.